उज्जैनच्या घरात फरशी कोणती घालावी?

मंडळी, उज्जैनात घर बांधताय किंवा जुनी फरशी बदलताय? माझं पहिलं मत कोटा फरशीला. पुण्याकडच्या घरांत जी जागा शहाबादीची, तीच माळव्यात कोट्याची. शेजारच्या राजस्थानातल्या रामगंजमंडीच्या खाणींतला हा चुनखडीचा दगड. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा निळसर-हिरव्या कोट्यावर नुसती चटई टाकून झोपून बघा! मशीनकट तुकडे घ्या. सांधे बारीक येतात आणि मशीन पॉलिशनंतर बैठक देखणी दिसते. काही वर्षांनी चमक गेली तर पुन्हा पॉलिश होतं. टाइलचं तसं नाही.

एक जपा: लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं अ‍ॅसिड. चुनखडीवर यांचा डाग बसतोच. म्हणून स्वयंपाकघरात मी व्हिट्रिफाइड टाइल सुचवेन, ती पाणी ०.५ टक्क्याहून कमी शोषते. न्हाणीघरात आणि अंगणात मात्र गुळगुळीत काहीच नको. तिथे मॅट टाइल किंवा बिनपॉलिशचा खडबडीत कोटा घाला. घरात आजी-आजोबा असतील तर नक्कीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं फरशीच्या खाली असतं. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची महागडी फरशी तडकते. जोत्याच्या भरणीत ही माती अजिबात नको. मुरूम थराथराने टाका, पाणी मारा, धुमस करा, मग काँक्रीटचा थर. हे काम चालू असताना स्वतः साइटवर उभे राहा.