प्रसंग पाहून वाक्य : इंग्रजी व्याकरणाची अडीच शतके

वरच्या पायरीचे इंग्रजी व्याकरण म्हणजे आणखी नियम, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. बारा काळ पाठ झाले, डायरेक्टचे इनडायरेक्ट आणि अ‍ॅक्टिव्हचे पॅसिव्ह करून झाले की पुढे फक्त अपवाद उरतात, असे आपण धरून चालतो. या व्याकरणाचा इतिहास पाहिला तर उलटे चित्र दिसते. गेल्या शंभर वर्षांत कित्येक नियम गळून पडले आणि त्यांच्या जागी एकच प्रश्न आला : हे वाक्य कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी?

खरे तर हा प्रश्न सुरुवातीलाही होता. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथने 1762 मध्ये आपले छोटेखानी व्याकरण छापले. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येणे घरगुती बोलण्यात चालते, गंभीर लेखनात ते आधी आलेले बरे, एवढेच त्याचे म्हणणे होते. नंतरच्या शाळामास्तरांनी त्याची सरसकट बंदी करून टाकली. 1795 मध्ये लिंडली मरे या इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकन गृहस्थाचे व्याकरण आले आणि शाळाशाळांत पोचले. 1864 मध्ये हेन्‍री आल्फर्डने ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्यावर नाक मुरडले. 1926 मध्ये एच. डब्ल्यू. फाउलरने या दोन्ही सोवळ्यांची यथेच्छ खिल्ली उडवली; तरी आपल्याकडच्या काही वर्गांत ती अजून पाळली जातात.

आपल्यापर्यंत हे व्याकरण पोचले ते नेसफिल्ड आणि मग रेन अँड मार्टिन यांच्या हातून. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरेन लीजनवरची गाजलेली कादंबरी त्यांचीच. त्यांच्या व्याकरणाने पिढ्या घडवल्या, हे निर्विवाद. पण त्या पुस्तकातले वाक्य बहुधा एकटे असते. ते पत्रातले, न्यायालयातले की चहाच्या टेबलावरचे, हे कळायला मार्ग नसतो.

1999 मध्ये डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी लाँगमनसाठी तयार केलेल्या व्याकरणाने ही उणीव भरून काढली. सुमारे चार कोटी शब्दांच्या संग्रहाच्या आधारे त्यांनी संभाषण, कथा-कादंबऱ्या, बातम्या आणि विद्वत्तापूर्ण लेखन या चार मुख्य गटांची मोजणी करून तुलना केली. विद्वत्तापूर्ण लेखनात काळ दाखवणाऱ्या क्रियापदांपैकी सुमारे पाव हिस्सा कर्मणी निघाला. बोलण्यात हेच प्रमाण जेमतेम 2 टक्के. म्हणजे ‘पॅसिव्ह टाळा’ हा उपदेश जितका अर्धवट, तितकाच ‘पॅसिव्ह म्हणजे भारदस्त’ हा समजही. प्रयोगशाळेच्या अहवालात कोणी केले यापेक्षा काय केले याला महत्त्व, म्हणून तिथे कर्मणी शोभतो. ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देताना मात्र ‘मिस्टेक्स वेअर मेड’ म्हणणारा जबाबदारी झटकत असतो.

याच मोजणीत दुसरी गोष्ट दिसली. बोलण्यातही बहुसंख्य क्रियापदे साध्या काळातली असतात. चालू काळ त्यामानाने फारच थोडा. आपण मात्र ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग’ असा चालू काळाचा सढळ वापर करतो. आपल्या इतर चुकांचे मूळही बऱ्याचदा मराठीत सापडते. ‘मी त्यांना काल भेटलो आहे’ हे मराठीत बिनदिक्कत चालते. ‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ इंग्रजीत चालत नाही, कारण ‘काल’ म्हटले की तिथे साधा भूतकाळच हवा. ‘मी येतो, असे तो म्हणाला’ यातला वर्तमान मराठीत तसाच राहतो. इंग्रजीत ‘ही सेड’ नंतर तो सहसा एक पायरी मागे सरकतो.

नम्रतेचेही तसेच. ‘पाठवाल का?’ या एका क्रियापदात मराठी आदर आणि विनंती दोन्ही भरते. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये तो आदर नाही, म्हणून तिथे काळ कामाला लावतात. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...’ हा रूपाने भूतकाळ, पण विनंती आताची. मागे सरकलेला काळ समोरच्याला नकाराची मोकळीक देतो. नुसते ‘प्लीज’ जोडलेली आज्ञा ईमेलमध्ये आज्ञाच राहते.

औपचारिक लेखनात चिन्हांनाही वजन असते. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही, याच्या कायद्यातल्या यादीत शेवटच्या ‘ऑर’आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे मालाचे वितरण हे यादीतले वेगळे काम, की यादीत फक्त वितरणासाठीचे पॅकिंग, हे स्पष्ट होत नव्हते. 2017 मध्ये अपील न्यायालयाने या संदिग्धतेचा लाभ चालकांना दिला आणि पुढच्या वर्षी प्रकरण 50 लाख डॉलरवर मिटले.

सरकारी कामकाजाची आणि कायद्याची भाषाही बदलते आहे. ब्रिटनमध्ये 1948 मध्ये अर्नेस्ट गावर्स यांनी ‘प्लेन वर्ड्‌स’ लिहून सरकारी इंग्रजीतला फाफटपसारा उघडा पाडला. अमेरिकेत 2010 मध्ये सरकारी मजकूर सोपा असावा असा कायदाच झाला. ‘शॅल’ कधी सक्ती दाखवते, कधी नुसता भविष्यकाळ. म्हणून आता ब्रिटिश कायद्यांचे मसुदे करणारे ते शक्यतो टाळतात आणि ‘मस्ट’ वापरतात. कायद्याबाहेरही बदल चालूच आहेत : एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरण्याला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनमार्गदर्शिकेने 2019 मध्ये उघड मान्यता दिली.

मग आज शिकणाऱ्याने काय करावे? पाया कच्चा असेल तर रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ घ्यावे. शंका फेडायला मायकेल स्वॉन यांचे ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’ हाताशी ठेवावे. रेन अँड मार्टिन फेकू नये, पण त्यालाच शेवटचा शब्द मानू नये. आणि शिक्षकांना एक विनंती : वाक्याचा प्रयोग बदलायला सांगण्याआधी ते वाक्य कोण, कोणाला, कशासाठी म्हणते आहे, हे मुलांना विचारा. ज्याला याचे उत्तर देता येते, त्याचे व्याकरण वरच्या पायरीवर पोचले असे समजावे.