जबड्याचा सांधा : ओळख आणि उपचार

जांभई देताना कानापुढे कळ निघू लागली की मनुष्य प्रथम कानात तेल घालतो. तेवढ्याने भागले नाही तर दाढ काढून घेतो. दाढ जाते, दुखणे मात्र राहते. कारण ते दाढेचे नसून जबड्याच्या सांध्याचे असते.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जे हाड सरकताना जाणवते, ते खालच्या जबड्याचे टोक होय. ते कवटीच्या खोबणीत बसते आणि दोहोंमध्ये एक लवचीक चकती असते. हा सांधा बिजागरीसारखा फिरतो, तसा पुढे सरकतोही. चकती जागेवरून हलली म्हणजे ‘कट्’ असा आवाज येतो. ती अडकून बसली तर तोंड पुरते उघडत नाही. झोपेत दात खाणे, मनावरील ताण, जबड्याला बसलेला मार यांमुळे हा त्रास उद्भवतो वा वाढतो. वेदना नसता नुसता आवाज येत असेल तर उपचाराची गरज नसते.

बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. काही आठवडे मऊ आहार, गरम शेक, वेदनाशामक औषध आणि दंतवैद्याने शिकविलेले व्यायाम एवढ्याने आराम पडतो. कळण्याची भाकरी तेवढे दिवस कुस्करून खावी. भरीत आणि केळी तर खानदेशात घरचीच! दात खाण्याची सवय असल्यास रात्री दातांवर बसविण्याची ॲक्रिलिकची पट्टी करून देतात. याने न भागल्यास सुईने सांधा धुतात. शस्त्रक्रिया त्यानंतरची. सांध्यासाठी निरोगी दात घासून घेण्याची वा काढण्याची घाई मात्र करू नये.

तोंड न उघडण्याचे दुसरे कारण आपल्याकडे अधिक चिंतेचे आहे. सुपारीने गालांचे आतील अस्तर पांढुरके व ताठर होते, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू आवळत जाते. येथे सांधा निर्दोष असतो. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. परंतु या विकाराचे मूळ सुपारीत आहे, आणि साधी सुपारी कोणत्याही टपरीवर मिळते. आवळलेले अस्तर पूर्ववत होणे कठीण असून पुढे त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. तोंड एकाएकी, दिवसा-दोन दिवसांत मिटले व अलीकडे जखम झालेली असेल, तर धनुर्वाताची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

परीक्षा सोपी आहे. स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये जावयास हवीत. दोनच गेली तर तपासणी करून घ्यावी. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तसेच धुळ्याच्या अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालयात ती होऊ शकते.

शिक्षकांनी एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात ठेवावी. मूल हनुवटीवर पडते, हनुवटीला टाके पडतात आणि प्रकरण मिटले असे वाटते. पण त्याच आघाताने कानाजवळ जबड्याचे टोक मोडलेले असू शकते. ते दुर्लक्षिले गेल्यास सांधा कवटीला जुळून जातो, जबड्याची वाढ खुंटते, आणि मुलाला घास घेणेही अवघड होते. मग शस्त्रक्रियेने सांधा मोकळा करावा लागतो. त्यानंतर अनेक महिने, दुखत असतानाही, रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करवून घ्यावा लागतो. तो थांबला तर सांधा पुन्हा जुळतो.