धूळ : सौर दुर्बिणीची आणि संगणकाचीही वैरी

होसकोटे (बंगळुरू) : 2 सप्टेंबर 2023 रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘आदित्य-एल1’ यानावरील ‘व्हीईएलसी’ या उपकरणाची जुळणी होसकोटे येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या ‘क्रेस्ट’ संकुलात झाली. सूर्याचे प्रभामंडल सूर्यबिंबापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी मंद असते. आरशावरील धूलिकणांमुळे बिंबाचा प्रकाश विखुरतो आणि प्रभामंडल झाकोळते. म्हणूनच हे काम ‘वर्ग 10’च्या स्वच्छ कक्षात करण्यात आले. अशा कक्षातील एक घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण दहापेक्षा अधिक नसतात.

घरच्या संगणकात धूळ उष्णता अडवते. प्रोसेसर तापतो व आपला वेग घटवतो. सफाईपूर्वी संगणक बंद करून वीजजोडणी काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युतभार उतरवावा. पंख्याची पाती धरून ठेवून ब्लोअरने हवेचे छोटे झोत द्यावेत; पाती अतिवेगाने फिरल्यास बेअरिंगला इजा होऊ शकते. चिकटलेल्या धुळीसाठी मऊ ब्रश वापरावा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर मात्र सर्किट बोर्डाजवळ नेऊ नये. त्यातून निर्माण होणारा स्थिर विद्युतभार नाजूक भाग निकामी करू शकतो.