शिवसेना घाटावर आली, तेव्हा काय घेऊन आली?

लेखमाला : पक्ष आणि भूमिका – लेखांक 6

26 नोव्हेंबर 2022. शिवसेना फुटून पाच महिने झाले होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत उद्धव ठाकरे शेतकरी मेळाव्यात बोलायला उभे राहिले. विरोधी पक्षात असताना देवेंद्र फडणवीस शेतकऱ्यांच्या वीजबिलाबद्दल काय म्हणाले होते, त्याचं ध्वनिमुद्रण त्यांनी मंचावरून ऐकवलं. मग राज्यपालांचं शिवाजी महाराजांविषयीचं वक्तव्य आलं, जत तालुक्यातल्या गावांवरचा कर्नाटकाचा दावा आला आणि अर्थातच हिंदुत्वही आलं. त्याच दिवशी एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन गुवाहाटीला कामाख्या देवीच्या दर्शनाला गेले होते. दोघांचाही दावा एकच : खरी शिवसेना आमची, बाळासाहेबांचा विचार आमच्याकडे.

पण बाळासाहेबांचा कोणता विचार? 1966 चा, 1987 चा, की त्यानंतरचा?

पक्षाची विचारधारा आधी ठरते आणि मग तो मतदार शोधतो, असं आपण मानत आलो आहोत. शिवसेनेच्या बाबतीत अनेकदा उलट घडलं. पक्षाला नवा मुलूख हवा झाला, की त्या मुलखात चालेल असा मुद्दा पुढे आला. हे पाहायला दादर-परळपेक्षा बुलढाणा जिल्हा सोयीचा आहे, कारण सेना जन्मली तेव्हाच्या तिच्या मुद्द्याला इथे काही कामच नव्हतं.

19 जून 1966 रोजी स्थापन झालेली शिवसेना मुंबईतल्या नोकऱ्यांच्या प्रश्नावर उभी राहिली. ‘मार्मिक’मध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. परळच्या चाळीतल्या बेकार तरुणाला ती यादी झोंबायची. मेहकर-लोणारच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तिचं काय? त्याच्या गावात तमिळ कारकून नव्हता. मलकापूर-खामगावच्या कापूस बाजारपेठेत मारवाडी-गुजराती व्यापारी होते, पण ते पिढ्यानपिढ्या तिथेच रुळलेले. शेतकऱ्याची तक्रार भाषेची नव्हती, भावाची होती.

त्या पहिल्या वीस वर्षांत सेनेचे मित्रही भराभर बदलले. 1968 मध्ये मुंबई महापालिकेसाठी प्रजासमाजवाद्यांशी युती, 1975 मध्ये आणीबाणीला पाठिंबा, 1980 मध्ये काँग्रेसला साथ, 1984 च्या लोकसभेला भाजपचं कमळ. एक कम्युनिस्टविरोध सोडला, तर मराठी माणसाखेरीज पक्की अशी भूमिका दिसत नाही.

1985 मध्ये मुंबई महापालिका स्वबळावर हाती आली आणि पक्षाची नजर मुंबईबाहेर गेली. त्यासाठी मुंबईचा मुद्दा पुरणार नव्हता. डिसेंबर 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत रमेश प्रभू यांच्यासाठी बाळासाहेबांनी उघड हिंदुत्वाच्या नावाने मतं मागितली. भाजप त्या निवडणुकीत सेनेसोबत नव्हता. प्रभू जिंकले. धर्माच्या आधारे प्रचार केल्याबद्दल उच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरवली आणि डिसेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. 1988 मध्ये औरंगाबाद महापालिकेत सेना मोठी ताकद बनली, 1989 मध्ये भाजपशी युती झाली आणि 1990 च्या विधानसभेत सेनेचे 52 आमदार निवडून आले.

औरंगाबाद म्हणजे बुलढाण्याचा शेजार. जिल्ह्यात लोक आजही घाटावरचा आणि घाटाखालचा असा फरक करतात, आणि युतीतली जागांची वाटणी बरीचशी त्याच रेषेवर झाली. घाटाखालचे खामगाव, मलकापूर, जळगाव जामोद भाजपकडे गेले. घाटावरच्या बुलढाणा-मेहकरात सेना रुजली. (चिखली घाटावर असूनही भाजपची राहिली, हा अपवाद.) 1995 मध्ये प्रतापराव जाधव मेहकरातून आमदार झाले. 1996 मध्ये राखीव असलेल्या बुलढाणा लोकसभा मतदारसंघातून सेनेने आनंदराव अडसूळ यांना निवडून आणलं. अडसूळ मूळचे मुंबईतल्या सहकारी बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. मुंबईच्या कामगार चळवळीतला माणूस बुलढाण्याचा खासदार होतो, तो मराठी-अमराठी वादावर नव्हे, तर भगव्याच्या आणि काँग्रेसविरोधाच्या लाटेवर.

लाटेवर निवडून येता येतं, पण मतदारसंघ टिकवायचा तर शेतीवर बोलावंच लागतं. कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न भीषण झाला. 2008 च्या केंद्रीय कर्जमाफीत पूर्ण माफीला दोन हेक्टरांची अट होती. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे जमीन त्याहून जास्त आणि उत्पन्न मात्र तुटपुंजं, म्हणून तो पूर्ण माफीतून वगळला गेला. सेनेने हा मुद्दा उचलला. 2009 मध्ये मतदारसंघ खुला झाला आणि जाधव खासदार झाले. पुढचा प्रवास तर एकाच वर्षात मावतो : नोव्हेंबर 2018 मध्ये उद्धव ठाकरे राममंदिरासाठी अयोध्येत आणि जुलै 2019 मध्ये पीकविमा कंपन्यांविरुद्ध मुंबईत मोर्चावर. जुना मुद्दा टाकून कधी दिला नाही, माळ्यावर ठेवला. लागेल तेव्हा खाली उतरवायचा.

इतर पक्षांचं असंच होतं का? ब्रिटनच्या मजूर पक्षाने उत्पादनाच्या साधनांवर सामूहिक मालकीचं पक्षघटनेतलं 1918 चं कलम 1995 मध्ये बदललं, तेव्हा खास अधिवेशन घेऊन मतदान केलं. द्रमुकने 1963 मध्ये स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी सोडली, ती घटनादुरुस्तीने निवडणुकीतून बाद होण्याची वेळ आणली म्हणून, आणि तसं जाहीरही केलं. सेनेची मोठी वळणं मात्र ठरावापेक्षा सभेतल्या भाषणात सापडतात. कागद नसल्यामुळेच वारशाचं भांडण कागदावर मिटत नाही.

2019 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीसोबतच्या किमान समान कार्यक्रमात धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख आला. ठाकरे आपलं हिंदुत्व शेंडी-जानव्याचं नाही असं सांगत राहिले आणि प्रबोधनकारांचा वारसा पुढे केला. जून 2022 मध्ये सरकार जायच्या आदल्या घटकेला त्यांच्याच मंत्रिमंडळाने औरंगाबादचं संभाजीनगर केलं. दोन महिन्यांत संभाजी ब्रिगेडशी युती झाली. ही संघटना ज्या मराठा सेवा संघातून आली, त्याचे संस्थापक पुरुषोत्तम खेडेकर बुलढाण्याचेच, आणि 12 जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव सिंदखेडराजाचा. बाबासाहेब पुरंदरेंवरून सेना आणि ब्रिगेड वर्षानुवर्षं समोरासमोर उभ्या होत्या. त्या नोव्हेंबरात भारत जोडो यात्रा शेगावला पोहोचली, तोवर राहुल गांधींच्या सावरकरांवरील वक्तव्यापासून ठाकरेंना जाहीरपणे अंतर राखावं लागलं होतं. चिखलीची सभा त्यानंतर आठवडाभराने झाली.

फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. एप्रिल 2024 मध्ये बुलढाण्यात शिंदेंचा धनुष्यबाण विरुद्ध ठाकरेंची मशाल अशी लढत झाली. शिंदेंकडे गेलेल्या जाधव यांनी मशालीच्या नरेंद्र खेडेकर यांना 29 हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरवलं. पण अपक्ष रविकांत तुपकर यांनी अडीच लाखांच्या घरात मतं घेतली, आणि त्यांचं सगळं राजकारण सोयाबीन-कापसाचं. दोन सेना निष्ठा आणि गद्दारीवर भांडत असताना शेतीचा मुद्दा तिसऱ्याच्या हाती गेला. नोव्हेंबरच्या विधानसभेवेळी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून बरंच कमी मिळत होतं. बुलढाण्यात शिंदेंचे संजय गायकवाड अवघ्या 841 मतांनी वाचले. समोर मशाल घेऊन होत्या काँग्रेसमधून आलेल्या जयश्री शेळके. मेहकरात मशालीने बाजी मारली.

5 जुलै 2025 रोजी वरळीत दोन्ही ठाकरे बंधू एका मंचावर आले. पहिलीपासूनच्या हिंदीचा शासन निर्णय सरकारने मागे घेतला होता, त्याचा हा विजयी मेळावा. माळ्यावरचा मराठीचा मुद्दा खाली आला. मुंबईत त्याला अजून धार आहे. मेहकरातल्या शाखाप्रमुखाला मात्र गावात तो सांगताना पीकविम्याच्या प्रश्नालाही उत्तर द्यावं लागणार आहे, आणि ते उत्तर दोन्ही सेनांनी अजून तयार केलेलं दिसत नाही.

(पुढील लेखांकात : 1997 च्या भुवनेश्वर ठरावात वेगळ्या विदर्भाची बाजू घेणारा भाजप सत्तेत आल्यावर त्या ठरावाचं काय करतो?)