रॅम भरली म्हणून बॅटरी उतरत नाही

स्मार्टफोनच्या बाबतीत ‘मेमरी’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो आणि पुष्कळसे गैरसमज तिथूनच सुरू होतात. फोटो, व्हिडिओ, गाणी आणि अ‍ॅप कायमची जिथे राहतात ते स्टोरेज. फोन बंद केला तरी त्यातले काही जात नाही. रॅम वेगळी. ती कामापुरती जागा. स्वयंपाकघरात डबे फडताळात असतात, पण फोडणी घालताना लागणारे तेवढेच ओट्यावर काढलेले असतात, तसेच हे. अ‍ॅप उघडले की त्याचा चालू भाग स्टोरेजमधून रॅममध्ये येतो आणि फोन बंद झाला की रॅम कोरी होते. फोनच्या खोक्यावर छापलेला 128 किंवा 256 जीबी हा आकडा स्टोरेजचा, तर 6 किंवा 8 जीबी हा रॅमचा. ‘मेमरी फुल’ असा संदेश येतो तो स्टोरेजबद्दल. सुप्रभाताचे शेकडो फोटो पुसले तर स्टोरेज मोकळे होते, रॅमला त्याचा काही उपयोग नाही.

फोन अडखळू लागला किंवा बॅटरी लवकर उतरू लागली की बहुतेकांचा हात एकाच ठिकाणी जातो. नुकतीच वापरलेली अ‍ॅप दाखवणारा पडदा उघडायचा आणि एकेक अ‍ॅप वर सरकवून सगळी साफ करायची. दिवसातून दहा-वीसदा हे करणारी माणसे घरोघरी आहेत. त्यामागचा समज असा, की रॅममध्ये जे बसले आहे ते चार्ज खात असणार. हा समज चुकीचा का आहे, हे रॅमच्या घडणीतच दिसते.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. हा भार आपोआप गळत राहतो, म्हणून तो पुनःपुन्हा भरावा लागतो. एका सेकंदात डझनभराहून अधिक वेळा सगळ्या रॅमवरून हा फेरा होतो, आणि त्या वेळी जागा भरलेली आहे की रिकामी, हे पाहिले जात नाही. खोलीत एक माणूस बसलेला असो की दहा, पंख्याला वीज तेवढीच लागते. म्हणून 8 जीबीपैकी 7 जीबी भरलेली असो की 2 जीबी, बॅटरीवरचा भार जवळपास सारखाच राहतो. रॅम रिकामी ठेवून वीज वाचत नाही. पैसे मोजून घेतलेली जागा तेवढी पडून राहते.

अँड्रॉइडची रचना याच हिशेबाने झालेली आहे. 2008 साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, एचटीसी ड्रीममध्ये, रॅम होती फक्त 192 एमबी. एवढ्याशा जागेत अनेक अ‍ॅप नांदवायची, तर कोण राहील आणि कोण जाईल हे फोननेच ठरवणे भाग होते. वापरणाऱ्याने अ‍ॅप सोडले की अँड्रॉइड ते लगेच संपवत नाही. आहे त्या स्थितीत रॅममध्ये राहू देतो, म्हणजे पुन्हा बोलावणे आले तर ते क्षणात हजर होते. दुसऱ्या कुणाला जागा हवी झाली तरच त्याला काढले जाते.

कुणाला आधी काढायचे, याचाही पक्का हिशेब आहे. चालू असलेल्या प्रत्येक अ‍ॅपला एक अंक मिळतो. फोनच्या गाभ्यातल्या भागांचा अंक शून्याखाली असतो, पडद्यावर उघडलेल्या अ‍ॅपचा 0. पडदा बंद असताना गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपचा अंक 200 च्या आसपास, होम स्क्रीनचा 600, नुकत्याच सोडलेल्या अ‍ॅपचा 700 आणि नुसत्या निपचित पडून असलेल्यांचा 900 च्या पुढे. जागा कमी पडली की मोठ्या अंकाचे अ‍ॅप आधी जाते. हे काम करणाऱ्या भागाला लो मेमरी किलर म्हणतात. आयफोनमध्ये हेच काम जेटसॅम नावाचा भाग करतो. अ‍ॅप काढण्याआधी अँड्रॉइड आणखी एक उपाय करून पाहतो: बराच वेळ न लागलेला मजकूर रॅममध्येच आवळून, कमी जागेत बसवून ठेवतो. निपचित अ‍ॅप गोठवून ठेवण्याची सोय अँड्रॉइड 11 पासून आली. गोठलेले अ‍ॅप रॅममध्ये असते, पण प्रोसेसरचा एक क्षणही त्याच्या वाट्याला येत नाही.

आता ते अ‍ॅप वर सरकवून काढून टाकले, तर काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. रॅममधली त्याची तयार मांडामांड मोडते. पाच मिनिटांनी निरोप आला म्हणून तेच अ‍ॅप पुन्हा उघडले जाते. आता त्यासाठी नवी जागा आखायची, स्टोरेजमधून सगळा कोड पुन्हा वाचायचा, ओळख पटवायची, सर्व्हरशी नव्याने जोडणी करायची, यादी आणि छोटी चित्रे पुन्हा रंगवायची. एवढा वेळ प्रोसेसर जोरात धावतो, आणि खरी वीज तिथे लागते. रॅममधून नुसते पुढे आणले असते तर यातले बहुतेक काम टळले असते. मार्च 2016 मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांना ई-मेल करून विचारले होते, की ते स्वतः अ‍ॅप अशी बंद करतात का आणि बॅटरीसाठी तशी गरज असते का. कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी उत्तर दिले: ते स्वतः अशी अ‍ॅप बंद करत बसत नाहीत आणि बॅटरीसाठी तशी गरजही नाही. त्याच सुमारास अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही सांगितले, की या सवयीने झालाच तर किंचित तोटा होतो. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन्ही बाजूंचे या एका गोष्टीवर एकमत आहे.

रॅमच्याच संदर्भात फोन घेताना ‘8 जीबी अधिक 8 जीबी’ अशी जाहिरात दिसते. त्यातले दुसरे 8 जीबी रॅम नसतात. स्टोरेजचा एक भाग बाजूला काढून रॅममध्ये न मावणारा मजकूर तिथे ठेवण्याची ती सोय असते. स्टोरेज रॅमपेक्षा पुष्कळ हळू चालते. एखाद-दुसरे अ‍ॅप जास्त टिकून राहील इतका फायदा होतो, पण 16 जीबी रॅमचा फोन म्हणून त्याचे पैसे मोजू नयेत.

मग बॅटरी जाते कुठे? सगळ्यात मोठा वाटा सहसा पडद्याचा असतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. न दिसणारा खर्च असतो तो फोन जागा राहण्याचा. पडदा बंद झाला की काही क्षणांत प्रोसेसरने गाढ झोपी जावे, अशी फोनची रचना आहे. पण गाणी ऐकताना किंवा फाइल उतरवून घेताना तो झोपला तर काम अर्धवट राहील, म्हणून अँड्रॉइडने अ‍ॅपना ‘वेक लॉक’ दिला. हा लॉक एखाद्या अ‍ॅपने घेतला की ते सोडेपर्यंत प्रोसेसर जागा राहतो. नीट लिहिलेले अ‍ॅप काम होताच लॉक सोडते. गचाळ लिहिलेले विसरते.

त्या विसरण्याची किंमत साध्या गुणाकाराने काढता येते. समजा, फोनची बॅटरी 5000 मिलिअँपिअर-तासांची आहे आणि गाढ झोपेत तो 15 मिलिअँपिअर ओढतो. रात्रीच्या आठ तासांत 120 गेले, म्हणजे अडीच टक्क्यांच्याही आत. आता एका अ‍ॅपने प्रोसेसरला जागे ठेवले आणि ओढ 150 वर गेली असे धरले, तर त्याच आठ तासांत 1200 जातात, म्हणजे 24 टक्के. फोन रात्रभर उशाशी पालथा पडलेला, पडदा काळा, कुणी हातही लावलेला नाही. तरी सकाळी पाव बॅटरी गेलेली असते. त्या वेळी रॅममध्ये पाच अ‍ॅप होती की पंचवीस, याचा या आकड्याशी संबंध नसतो. एकच अ‍ॅप जागे होते, तेवढे पुरले.

दुसरा मोठा खर्च नेटचा. इथे डेटा किती वापरला यापेक्षा तो किती वेळा मागवला हे महत्त्वाचे ठरते. मोबाइल नेटवर्कशी बोलणारा रेडिओ बोलणे संपले की लगेच निजत नाही. आणखी काही येईल म्हणून काही सेकंद, कित्येकदा दहाएक सेकंद, पूर्ण किंवा अर्ध्या जागेपणी थांबतो. समजा, एक अ‍ॅप दर पाच मिनिटांनी ‘काही नवे आहे का’ एवढेच विचारते. दिवसात 288 वेळा विचारून झाले आणि प्रत्येक वेळी रेडिओ दहा सेकंद ताटकळला, तर दिवसाची 48 मिनिटे झाली. अशी दहा अ‍ॅप आपापल्या वेगवेगळ्या वेळी विचारू लागली तर आठ तास. तीच दहा अ‍ॅप एकाच वेळी विचारून मोकळी झाली, तर पुन्हा 48 मिनिटांच्या जवळपास.

जाहिरातींचाही यात हात आहे. 2012 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातले अभिनव पाठक आणि वाय. चार्ली हू यांनी मायक्रोसॉफ्टच्या मिंग झांग यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की तपासलेल्या फुकट अ‍ॅपमध्ये 65 ते 75 टक्के ऊर्जा जाहिराती आणि माहिती गोळा करणाऱ्या परक्या भागांवर खर्च होत होती. आकडे त्या काळच्या फोनचे आहेत. कारण मात्र तेच राहिले आहे. त्यात रेंज कमी असेल तर टॉवरपर्यंत आवाज पोचवायला रेडिओला जास्त जोर लावावा लागतो. घाटातून जाणाऱ्या एसटीत किंवा बोगद्यांमागून बोगदे येणाऱ्या कोकण रेल्वेत रेंज सतत येते-जाते, फोन टॉवर शोधत राहतो आणि खिशातच गरम होतो. तिसरा खर्च लोकेशनचा: उपग्रहांचे क्षीण संकेत सतत ऐकत राहणे आणि त्यांवरून ठिकाण काढणे हे फुकट होत नाही.

या जागरणाला आळा घालण्याचे प्रयत्न जुने आहेत. सुरुवातीच्या आयफोनमध्ये बाहेरच्या अ‍ॅपना बॅकग्राउंडला चालू राहण्याची परवानगीच नव्हती. 2009 मध्ये अ‍ॅपलने निरोपांसाठी एक सामाईक वाट काढली: प्रत्येक अ‍ॅपने स्वतः विचारत बसायचे नाही, सगळ्यांचे निरोप एकाच जोडणीवरून येतील. गावात एकच पोस्टमन सगळ्या घरांची पत्रे आणतो. प्रत्येक घराला आपला माणूस तालुक्याला पाठवावा लागत नाही. अँड्रॉइडमध्येही पुढे गूगलने अशीच सोय केली, पण तिथे अ‍ॅपना मोकळीक जास्त होती आणि ती आवरायला वर्षे लागली. 2015 च्या अँड्रॉइड 6 मध्ये ‘डोझ’ आले. डोझ म्हणजे डुलकी. फोन चार्जिंगला नाही, हलत नाही, पडदा बंद आहे, असे काही वेळ राहिले की अ‍ॅपचे नेट थांबते, वेक लॉक जुमानले जात नाहीत आणि साठलेली कामे मधूनमधून उघडणाऱ्या छोट्या खिडकीत एकदम उरकली जातात. वेळ जाईल तशा या खिडक्या लांब लांब पडतात. 2017 च्या अँड्रॉइड 8 ने बॅकग्राउंडच्या अ‍ॅपना लोकेशन तासातून काही वेळाच मिळेल असे केले. पुढच्या वर्षीच्या अँड्रॉइड 9 ने वापर पाहून अ‍ॅपची वर्गवारी सुरू केली. रोजचे अ‍ॅप मोकळे राहते, महिनाभर न उघडलेल्याला कामाची आणि नेटची संधी क्वचित मिळते.

काही फोन कंपन्या याच्याही पुढे जातात आणि बॅटरी जास्त टिकते असे दाखवण्यासाठी अ‍ॅप सरसकट मारतात. त्याचा फटका गंभीर असू शकतो. औषधाची वेळ सांगणारे अ‍ॅप गप्प राहते, चालण्याची नोंद अर्ध्यातच तुटते, निरोप फोन उघडल्यावर एकदम कोसळतात. अशा अ‍ॅपला सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावे लागते. घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनमध्ये औषधाचे अ‍ॅप असेल, तर ही सेटिंग आजच तपासावी.

उपाय शोधण्याची जागाही तेच बॅटरीचे पान आहे. कोणत्या अ‍ॅपने किती टक्के घेतले आणि त्यातला किती वेळ ते बॅकग्राउंडला होते, हे तिथे दिसते. तासभर व्हिडिओ पाहिला आणि त्याचे नाव वर आले, तर त्यात वावगे नाही. दोन मिनिटे उघडलेले खरेदीचे अ‍ॅप बॅकग्राउंडला तीन तास जागे दिसले, तर गुन्हेगार सापडला. त्याला ‘रिस्ट्रिक्टेड’ करावे, लोकेशनची परवानगी ‘वापरताना फक्त’ एवढीच ठेवावी, आणि लागत नसेल तर काढून टाकावे. वर सरकवणे दोनच प्रसंगी योग्य: अ‍ॅप अडकले असेल किंवा मुक्काम आल्यावरही नकाशा रस्ता सांगत राहिला असेल तेव्हा. ‘फोर्स स्टॉप’ त्याहून कडक आहे. त्यानंतर ते अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत त्याचे निरोपही येत नाहीत, म्हणून ते जपून वापरावे. एवढे करूनही चार्ज टिकत नसेल, तर बॅटरीच जुनी झालेली असू शकते. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता काहीशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर कमी होतेच, आणि उष्णतेने लवकर होते. ती बदलून घेणे नव्या फोनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

राहिली ती रॅम साफ करून देणारी अ‍ॅप. अँड्रॉइडने गरजेसाठी ठेवलेली अ‍ॅप ती काढून टाकतात, त्यातली काही लगेच पुन्हा सुरू होतात, आणि हा खेळ चालू ठेवण्यासाठी साफ करणारे अ‍ॅप स्वतः बॅकग्राउंडला जागे राहून जाहिराती दाखवते. फोनमध्ये असे अ‍ॅप असेल, तर सर्वांत आधी तेच काढून टाकावे.