माळ, मीटिंग आणि माजघर

'अमक्याच्या पोरानं माळ घातली,' असं गावात कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. पोरानं दारू सोडली, हे त्यात आलंच. धर्माची एक खूण आणि शरीराला जडलेल्या आजारातून बाहेर पडणं, या दोन गोष्टी आपल्या भाषेनं कधीच एक करून टाकल्या आहेत. त्यामुळे घरात कुणाला व्यसन लागलं की आई आधी देवाकडे धावते, डॉक्टरची आठवण तिला बऱ्याच उशिरा होते. यावर नाक मुरडणारे आहेत, आणि डोळे मिटून विश्वास ठेवणारेही आहेत. मला मात्र एक साधा प्रश्न पडतो. माळ काम करते तेव्हा नक्की काय काम करतं? आणि ती अपुरी पडते, तेव्हा काय कमी पडलेलं असतं?

प्रश्न किती मोठा आहे, ते आधी पाहू. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. 10 ते 75 या वयोगटातले सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी जवळपास 5 कोटी 70 लाखांना मदतीची गरज आहे, असं त्यात नोंदवलं आहे. त्याहून बोचणारा आकडा पुढे येतो. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे फक्त एकाने कुठली तरी मदत मिळाल्याचं सांगितलं. उरलेले 37 घरातच असतात. त्यांच्यासाठी देव, बुवा, शपथ आणि आईचे उपास एवढंच हाताशी असतं. म्हणून श्रद्धेचा विचार टाळून व्यसनमुक्तीचा विचार आपल्याकडे होऊच शकत नाही.

दिवेलागणीची वेळ

वारकऱ्याची माळ नीट पाहिली तर तिच्यात मनाई थोडी आणि कामं फार. मद्य-मांस सोडायचं, ही मनाई. महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरायच्या, रोज हरिपाठ म्हणायचा, वर्षातून निदान एकदा पंढरीची वाट चालायची, ही कामं. त्यातली हरिपाठाची वेळ महत्त्वाची. दिवेलागण झाली की गुत्त्याकडे पाय वळतात, आणि नेमक्या त्याच वेळी देवळात टाळ वाजायला लागतात. दिवसातल्या सगळ्यांत धोक्याच्या तासाला माणसाला जायला दुसरी जागा मिळते, हाताला काम मिळतं आणि भोवती माणसं मिळतात. शिवाय ती माणसं त्याला 'माउली' म्हणतात आणि त्याच्या पाया पडतात. कालपर्यंत ज्याला गावानं 'बेवडा' याच नावानं ओळखलं, त्याच्यासाठी हे औषधच असतं.

दुसरी गोष्ट तरुणांच्या दृष्टीनं मोलाची आहे. विशी-बाविशीच्या मुलाला दारू सोडण्यापेक्षा मित्रांना 'नको' म्हणणं जड जातं. गळ्यातली माळ ते 'नको' त्याच्या वतीनं म्हणते. 'राहू दे रे, माळकरी आहे तो,' असं म्हणून मित्रच ग्लास मागे घेतात. नकाराचा भार एकट्या मुलाच्या जिभेवर राहत नाही.

महाराष्ट्राला ही वाट फक्त पंढरपुरानं दाखवली असं नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली सतरावी मद्यपान न करण्याची. ही प्रतिज्ञा एकट्यानं, चोरून घेतलेली नव्हती. लाखोंच्या साक्षीनं घेतलेली आणि माणूस म्हणून नव्यानं उभं राहण्याशी बांधलेली होती. त्याच नागपुरात बाबा जुमदेवजींनी परमात्मा एक सेवकांचा मार्ग उभा केला. पूर्व विदर्भातल्या कितीतरी कष्टकरी घरांतून त्यानं दारू हद्दपार केली. एका माणसाऐवजी सगळं घर मिळून हा मार्ग धरतं, ही त्याची ताकद. वऱ्हाडात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर हेच सांगितलं, तर गाडगेबाबांनी ते कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं.

अक्रनमधली संध्याकाळ

हीच गोष्ट सातासमुद्रापार वेगळ्या वाटेनं घडली. मे 1935 मध्ये न्यूयॉर्कचा शेअर व्यवसायातला बिल विल्सन कामासाठी ओहायोतल्या अक्रन शहरात आला होता. सौदा फिसकटला आणि दारूची तल्लफ अनावर झाली. त्यानं बारमध्ये जायच्या ऐवजी फोनाफोनी करून दुसरा एक दारुडा शोधला. तो निघाला शहरातला सर्जन, डॉ. बॉब स्मिथ. 'पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही,' असं ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. आजवर त्यांना उपदेश करणारे खूप भेटले होते. स्वतःची फजिती सांगणारा हा पहिलाच. 10 जून 1935 हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस मानला जातो, आणि तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन.

या संघटनेची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत होती. पण 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या लिहून काढताना, देव मानत नसलेल्या सदस्यांच्या आग्रहामुळे, प्रत्येकाला आपापल्या समजुतीचा देव धरायची मोकळीक ठेवली गेली. त्या एका सवलतीमुळे ही चळवळ चर्चच्या बाहेर पडली. 1957 मध्ये ती मुंबईत पोहोचली. आज आपल्याकडच्या मीटिंगांमध्ये कुणाचा देव विठ्ठल असतो, कुणाचा येशू, कुणाचा अल्ला. एखाद्या इंजिनिअरिंगच्या मुलाचा देवावर विश्वासच नसतो. त्याच्यासाठी त्या खोलीतली माणसं हीच 'आपल्याहून मोठी शक्ती' ठरते. फी नाही, आडनाव नाही, निवाडा नाही. 'स्लिप' झालेला माणूस दुसऱ्या दिवशी आला तरी त्याला पहिला चहा मिळतो. संकल्प मात्र जन्मभराचा नसतो, फक्त आजच्या दिवसाचा असतो.

मुंबईत या विचाराला आणखी एक धागा जोडला गेला. फादर जो परेरा हे बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यांनी 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. बारा पायऱ्या आणि योगासनं एकत्र आणली. व्यसनानं शरीर परकं झालेलं असतं, ते श्वासाच्या वाटेनं पुन्हा आपलं करायचं, अशी ही रीत. चर्चच्या अंगणात आसनं शिकणाऱ्या मुलाला कुणी धर्म विचारला नाही.

पाच वर्षांनी पुण्यात एक वेगळं घर उभं राहिलं. गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) लाटेत कोवळी पोरं 'टर्की'नं, म्हणजे नशा तुटल्यावरच्या यातनांनी, तडफडताना अनिल अवचटांनी पाहिली आणि त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली. 29 ऑगस्ट 1986 ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. मुक्तांगण कुठल्याही धर्माचं नाही. पण आखलेली दिनचर्या, सामूहिक प्रार्थना, स्वतः व्यसनातून बाहेर आलेले कार्यकर्ते आणि एकमेकांना 'मित्र' म्हणण्याची पद्धत पाहिली की दिंडीची आठवण येते. देवाचं नाव बदललं किंवा गाळलं, तरी आतली घडण तीच राहते. रोजचं काम, सोबत आणि मान.

मोजून पाहिलं तेव्हा

श्रद्धेचं काम मोजता येतं का? काही अंशी येतं. 2020 मध्ये 'कॉक्रेन' या काटेकोर समीक्षेसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनं 27 अभ्यास आणि साडेदहा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. ठरावीक आराखड्यानं बारा पायऱ्यांकडे वळवलेल्या शंभरांतले 42 जण वर्षअखेरीस पूर्ण कोरडे होते. इतर मानसोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 35 होतं. फरक चमत्काराएवढा नाही, पण फुकट मिळणाऱ्या मदतीसाठी तो मोठा आहे. हे कशामुळे घडतं, याचाही अभ्यास झाला आहे. सगळ्यांत मोठा वाटा संगत बदलण्याचा आणि 'मला जमेल' या आत्मविश्वासाचा निघाला. अध्यात्माचा वाटाही दिसला, विशेषतः फार खोल गेलेल्यांच्या बाबतीत. किशोरवयीन मुलांना सभेत आपल्या वयाची मुलं दिसली, तर ती अधिक टिकतात असंही आढळलं. पन्नाशीच्या काकांनी भरलेल्या खोलीत एकोणीस वर्षांचा मुलगा आपली गोष्ट सांगत नाही. आपल्या भजनी मंडळांनी आणि व्यसनमुक्ती गटांनी हे मनावर घ्यायला हवं.

माजघरातला आजार

आता माजघरात येऊ. तिथे आजार वेगळ्या रूपात असतो. आई डब्यातले पैसे चोरून देते, कारण न दिले तर तो बाहेर काहीतरी करून बसेल. बाप वर्षभर बोलत नाही. 'कोर्ससाठी पुण्याला गेलाय,' असं नातेवाइकांना सांगितलं जातं. मग कुणीतरी वडीलधारं सुचवतं, 'लग्न करून टाका, जबाबदारी पडली की सुधारेल.' एका मुलाच्या उपचारासाठी दुसऱ्या घरची मुलगी औषधासारखी आणली जाते. या एका सल्ल्यानं महाराष्ट्रात किती संसार जळाले, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. धर्मानं आणि समाजानं मिळून हा सल्ला बंद करायला हवा.

गाडगेबाबांची आठवण इथे पुन्हा येते. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा गाडगेबाबा म्हणजे डेबू लहान होता. आईनं त्याला माहेरी नेलं आणि मामाकडे त्याचं बालपण गुरं राखण्यात गेलं. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला, जातीची दारू-मटणाची रीत मोडून, त्यांनी गोडाचं जेवण घातलं. कीर्तनातून दारूवर तुटून पडणारा तो आवाज दारुड्याच्या घरातल्या मुलाचा होता, हे आपण विसरतो. व्यसन एकाला लागतं आणि त्याची झळ मुलांच्या आयुष्यभर राहते.

1951 मध्ये बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' सुरू केलं, ते याच जाणिवेतून. मुक्तांगणनं पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवला. तिथे बाई पहिल्यांदा ऐकते की त्याच्या पिण्याला ती कारण नाही आणि ती एकटी ते थांबवूही शकत नाही. 'माझीच पूजा कमी पडली,' हे ओझं कितीतरी आयांनी आणि बायकांनी वर्षानुवर्षं वाहिलं आहे. श्रद्धेनं ते उतरवायचं असतं, वाढवायचं नसतं.

घरच्यांनी हात बांधून बसावं, असा याचा अर्थ नाही. 1999 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचाराला नकार देणाऱ्यांच्या 130 आप्तांना तीन वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या. सगळ्यांनी मिळून एकदम समोरासमोर जाब विचारायच्या पद्धतीनं 30 टक्के जण उपचाराला आले. अल-अनॉनच्या वाटेनं 13 टक्के आले. पण शुद्धीवर असताना जवळ घेणं, नशेत असताना वाद न घालता दूर होणं आणि योग्य क्षणी उपचाराचं बोलणं, हे ज्या घरांना शिकवलं, तिथले 64 टक्के आले. तिन्ही गटांतल्या आप्तांचं स्वतःचं मन मात्र सारखंच सावरलं. म्हणजे प्रेम कसं करायचं हेही शिकावं लागतं, आणि ते शिकता येतं.

श्रद्धा जिथे थांबली पाहिजे

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला देवळात नेऊन 'आजपासून बंद' म्हणणं जिवावर बेतू शकतं. शरीराला दारूची सवय लागलेली असेल तर काही तासांत हात थरथरू लागतात, एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावू शकतो. घरचे म्हणतात, 'अंगात आलंय.' त्याला तेव्हा हवं असतं ते रुग्णालय, औषधं आणि थायमिनचं इंजेक्शन. गर्दसारख्या नशेत धोका उलट बाजूनं येतो. महिनाभर कोरडं राहिलेलं शरीर जुना डोस पेलू शकत नाही आणि पहिल्याच चुकीत जीव जातो. अशा मुलांना डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध दीर्घकाळ देतात. 'ही पण सवयच,' म्हणून ते बंद करायला लावणारा गुरू भला असला तरी चूक करतो. एसटी स्टँडच्या भिंतीवरची 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरातही तशीच. जेवणातून चोरून दिलेलं डायसल्फिराम आणि वर दारू, यानं रक्तदाब कोसळतो. आणि पोराचा उरलासुरला विश्वासही जातो.

माणसाला बांधून ठेवणं तर याहून घातक. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं व्यसनाचे आजार आपल्या कक्षेत घेतले आणि रुग्णाला साखळी घालायला मनाई केली. बरं करण्याच्या नावाखाली कोंडणारी, मारणारी किंवा उपाशी ठेवणारी जागा मग आश्रम असो की केंद्र, तिथून पोराला त्याच दिवशी घरी आणावं.

डॉक्टर लांब आहे, ही सबबही आता तेवढी खरी नाही. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेनं साध्या, प्रशिक्षित माणसांकरवी जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन करून पाहिलं. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांच्या त्या अभ्यासात, समुपदेशन मिळालेल्यांत 36 टक्के धोक्याच्या रेषेखाली आले, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत 26 टक्के. देशभरासाठी 14446 हा मोफत मदत क्रमांकही आहे. देवळाच्या फळ्यावर एकादशीच्या तिथीखाली तो लिहायला काय हरकत आहे?

तुटलेली माळ

व्यसन सुटलेला माणूस पुन्हा घसरतो, हे वारंवार घडतं. तेव्हाच आपली श्रद्धा कसोटीला लागते. माळ घातलेल्या पोरानं पुन्हा प्यायली की गाव म्हणतं, 'माळेची तरी लाज ठेवायची.' तो माळ काढून खुंटीला टांगतो. माळेबरोबर टाळ सुटतो, संध्याकाळची जागा सुटते आणि 'माउली' म्हणणारी माणसंही सुटतात. जे त्याला धरून ठेवू शकलं असतं, तेच लाजेपोटी हातातून जातं.

खरं तर या क्षणी काय करायचं, ते परंपरेला ठाऊक आहे. माळ तुटली, तर पुन्हा ओवून गळ्यात घातल्याशिवाय अनेक माळकरी अन्नपाणी घेत नाहीत. घरातले सगळे खाली बसतात, कॉटखाली आणि दाराआड गेलेले मणी शोधतात. तुटली कशी, यावर कुणी पंचायत भरवत नाही. नवा दोरा आणायचा, मणी ओवायचे, आणि हे सगळं जेवणाआधी, आजच्या आज. घसरलेल्या पोरासाठी घरानं, देवळानं आणि दवाखान्यानं एवढंच शिकायचं आहे. मणी हरवलेले नसतात. आजच्या आज ते वेचायला आपण सगळे खाली बसतो का, एवढाच प्रश्न आहे.