सव्वाआठ तासांचा दिवस

एका मित्राने नाताळच्या सुट्टीतल्या युरोप सहलीचा कागद दाखवला, तेव्हा माझी नजर हॉटेलांच्या नावांवर गेलीच नाही. प्रत्येक गावाखाली दोन वेळा लिहिल्या होत्या, सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची. सहलीच्या कागदावर न्याहारीची वेळ असते, बस सुटण्याची असते. मावळतीची वेळ मी तोवर कुठे पाहिली नव्हती. हा कागद कोणी केला ते विचारून घेतलं आणि पुण्यात टिळक रस्त्यालगतच्या एका जुन्या इमारतीचा जिना चढलो.

दुसरा मजला, लिफ्ट नाही. आत तीन टेबलं, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट. इथे सहली आखणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणतात. गणपती उठले की त्यांचा हिवाळी हंगाम सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत फोन थांबत नाही. त्या मोठ्या ग्रुपच्या सहली करत नाहीत. एकेका कुटुंबाची, चार-पाच जणांची सहल बेतून देतात.

त्यांच्या टेबलामागे एक हाताने लिहिलेला तक्ता आहे. वर तारीख, 21 डिसेंबर. खाली गावं आणि त्या दिवशी तिथे किती वेळ सूर्य असतो ते. रेक्याविक चार तास. स्टॉकहोम सहा. लंडन पावणेआठ. पॅरिस सव्वाआठ. रोम नऊ. सेव्हिल साडेनऊ. शेवटची ओळ लाल शाईत : पुणे अकरा.

"आपण अकरा तासांच्या गावचे," ताई प्रत्येकाला सांगतात. "आधी उजेड मोजायचा. गाव मग."

मी एका कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलो होतो, तेव्हा एक कुटुंब आलं. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि चौथीतली नात. आजींना वर पोचेपर्यंत दम लागला होता. ताईंनी पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गुडघे कसे आहेत?" आजी म्हणाल्या, उतरताना त्रास होतो. ताईंनी ते लिहून घेतलं. जिना चढून आलेला माणूस दारात कसा उभा राहतो यावरून निम्मी सहल ठरते, असं त्या मला नंतर म्हणाल्या. पॅरिसच्या मेट्रोत जिने आहेत, प्रागच्या जुन्या भागात दगडी फरशी आहे, आणि पाऊस पडून गोठला की त्याच फरशीवर पाय टिकत नाही.

मुलाने मोबाइलवर यादी करून आणली होती : पॅरिस, स्वित्झर्लंड, ॲमस्टरडॅम. नऊ दिवस. ओळखीतले बहुतेक जण हेच करून आले होते. सुनेला नाताळचे बाजार बघायचे होते. आजींना बर्फाला हात लावायचा होता, बाकी कशाचा आग्रह नव्हता. आणि पैसे आजोबांचे होते, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून बाजूला काढून ठेवलेले. आजोबा ते बोलले नाहीत, मुलाने सांगितलं.

ताईंनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि वजाबाकी सुरू केली. पॅरिसचा दिवस सव्वाआठ तासांचा. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला सूर्योदय, संध्याकाळी पाच वाजायच्या आत सूर्यास्त. त्यात जेवणाचा दीड तास. ढग असले, आणि डिसेंबरात ते असतातच, तर साडेतीनलाच फोटो काळे यायला लागतात. पॅरिस ते स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न सहाशेहून अधिक किलोमीटर. बसने गेलं तर वाटेतले थांबे धरून आठ-नऊ तास. "म्हणजे हा अख्खा दिवस बसमध्ये. अंधारात बसायचं, अंधारात उतरायचं. वाटेतलं फ्रान्स काचेवरच्या वाफेतून बघायचं." त्यांनी सव्वाआठच्या आकड्यावर काट मारली.

मुलगा म्हणाला, पण पॅरिसला बर्फ तरी मिळेल. मिळत नाही. तिथे डिसेंबरात दुपारचं तापमान सात-आठ अंशांच्या आसपास असतं. पडतो तो बहुधा पाऊस, आणि तो थेट हाडांत शिरतो.

नाताळच्या बाजारांचं दुखणं वेगळंच आहे, आणि मला ते इथेच पहिल्यांदा कळलं. ड्रेस्डेनचा बाजार 1434 पासूनचा, न्यूरेम्बर्गचाही शतकानुशतकं चालत आलेला. दोन्ही 24 डिसेंबरला आवरतात. पुण्यातल्या शाळांना सुट्टी लागते तीही त्याच सुमाराला. तिकडे दुकानांच्या फळ्या लागत असतात तेव्हा आपली मुलं विमानात बसलेली असतात. उतरल्यावर 25 आणि 26 तारखेला जर्मनीत दुकानं बंद. लंडनमध्ये तर 25 तारखेला मेट्रोही धावत नाही. प्रागचा बाजार मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो, हे ताईंनी सुनेला प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तिथे चारला सूर्य मावळतो हेही.

मग मुलाने नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचं नाव काढलं. ध्रुवीय प्रकाश. ताईंचा आवाज जरा बदलला. हे त्यांना स्वतःला फार आवडतं, हे लपत नव्हतं. पण नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारच्या सुमाराला काही तास निळसर संधिप्रकाश, बस्स. आणि ध्रुवीय प्रकाशाला आभाळ मोकळं लागतं. "चार रात्री हाताशी नसतील तर जाऊ नका. एका रात्रीसाठी गेलेली माणसं ढग बघून येतात."

या बोलण्याला बराच वेळ लागला, आणि त्या वेळाचे ताई वेगळे पैसे घेत नाहीत. दहा दिवसांत सहा देश विकणाऱ्याला हे गणित मांडण्याची गरजच पडत नाही. त्याच्या जाहिरातीत आयफेल टॉवर निळ्या आभाळाखाली उभा असतो, बहुधा जूनच्या. मला त्या जाहिरातींचा राग येतो. आजोबांसारखी माणसं आयुष्यात एकदा जातात, आणि दिव्यांच्या उजेडातलं, काचेआडचं युरोप बघून परत येतात. प्रागची चार वाजताची संध्याकाळ, पुलावरचे कंदील, हे सुंदर असतं हे मी नाकारत नाही. पंचविशीतल्या जोडप्याने जरूर जावं. पण गुडघे सांभाळत चालणाऱ्या बाईला पायाखालची फरशी दिसली पाहिजे.

मध्येच ताईंनी लोखंडी कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. आत कोट, थर्मल, लोकरी टोप्या, हातमोजे. आधीच्या प्रवाशांनी परत आणून दिलेले. एकदाच लागणाऱ्या गोष्टीवर कोणी हजारो रुपये घालू नयेत म्हणून ताई ते धुऊन ठेवतात आणि पुढच्यांना देतात. आजींनी एक जाड, गुडघ्यापर्यंतचा कोट चढवला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, पंखा फिरत होता, आणि आजी कोटात हात पसरून नातीकडे बघून हसत होत्या. नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, मी कशी दिसते!" आजोबांनी चष्मा पुसला. त्या वासाने मला घरातल्या ट्रंकेची आठवण झाली, आणि या सहलीची सगळी मदार जणू त्या कोटावर आहे असं वाटत राहिलं. ताईंनी मात्र तो उतरवून घेतला. फार जड आहे म्हणाल्या. आत दोन पातळ थर आणि वर वारा अडवणारं हलकं जाकीट पुरेल. कारण तोवर त्यांच्या डोक्यात गाव ठरलं होतं.

स्पेनचा दक्षिण भाग. सेव्हिल, ग्रानादा, मालागा. स्पेन नकाशावर इतका पश्चिमेला असूनही घड्याळ मध्य युरोपचं लावतो, त्यामुळे डिसेंबरात सेव्हिलला सूर्य उशिरा, साडेआठनंतर उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर मावळतो. घाईने उठायला नको, आणि दुपार हाताशी उरते. पॅरिसपेक्षा दिवसाला सव्वा तास जास्त. "आठ दिवसांत दहा तास. पॅरिसचा एक अख्खा दिवस फुकट मिळाला, वर पावणेदोन तास." सव्वाआठ ताईंनी पुन्हा लिहिले, शेजारी साडेनऊ.

"आणि बर्फ?" आजींनी हळूच विचारलं.

ग्रानादापासून तीसेक किलोमीटरवर सिएरा नेवाडा. गाडी 2,100 मीटर उंचीपर्यंत जाते, तिथून पाळण्याने आणखी वर. स्की न करणाऱ्यांनाही जाता येतं. सकाळी बर्फ, दुपारी खाली ग्रानादात ऊन. बर्फ एखाद्या वर्षी कमी असतो, मी हमी देत नाही, हेही ताईंनी लगेच जोडलं. सेव्हिलच्या रस्त्यांवर दुतर्फा नारिंगाची झाडं असतात आणि त्या दिवसांत ती फळांनी लगडलेली असतात, पण ती कडू, तोंडात घालायची नाहीत, हे नातीला बजावलं. शाकाहारी आजींसाठी तिथला पालक आणि काबुली चण्यांचा पदार्थ आहे, त्यात जिरंही असतं. 31 च्या रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात. ती मालागाला.

25 डिसेंबर आणि 1 जानेवारीला ग्रानादाचा अल्हाम्ब्रा किल्ला बंद, म्हणून 25 प्रवासात घालायची आणि 1 तारीख समुद्रकाठी. अल्हाम्ब्राची तिकिटं नावानिशी मिळतात आणि आतल्या राजवाड्यांत शिरायची वेळ ठरलेली असते, तेव्हा ती सगळ्यात आधी. मुलगा आता शांतपणे लिहून घेत होता.

अडले ते आजोबा. म्हणाले, "युरोपला जाऊन आलो आणि आयफेल टॉवर पाहिला नाही, असं कसं सांगायचं चार लोकांना?" यावर कुणी हसलं नाही. ताईंनी हा प्रश्न बहुतेक प्रत्येक हंगामात ऐकला असणार, तरी त्यांनी तक्त्याची मागची बाजू फिरवून दाखवली. तिथे मे महिना लिहिलेला होता. मेच्या मध्याला पॅरिसचा दिवस पंधरा तासांहून मोठा, साडेनऊपर्यंत उजेड. "पॅरिस तेव्हा करा. दोघंच जा. चार दिवस एकाच गावात राहा." आजोबा बराच वेळ त्या बाजूकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, दोनदा जायचं तर व्हिसा दोनदा लागेल का?

लागू शकतो, ताई म्हणाल्या. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा, आणि अर्ज जिथे सर्वाधिक रात्री काढायच्या त्या देशाकडे, म्हणजे आत्ता स्पेनकडे. किती दिवसांचा आणि किती वेळा जाता येईल असा व्हिसा द्यायचा, हे वकिलात ठरवते. त्यांनी कागदपत्रांची यादी झेरॉक्सला लावली : सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आजोबांचे पेन्शनचे कागद, नातीच्या शाळेचं पत्र. आजोबांचा पासपोर्ट येत्या मार्चमध्ये संपत होता. परतल्यावर तो किमान तीन महिने वैध असावा लागतो, आणि ही सहल संपते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. ताईंनी बोटांवर महिने मोजले आणि आजोबांना दुसऱ्याच दिवशी पासपोर्ट नूतनीकरणाची अपॉइंटमेंट घ्यायला सांगितली.